हरित राहणी

घराला लागणारी ऊर्जा शक्य तितकी सूर्य, वारा, पाणी अशा न आटणाऱ्या स्रोतांतून घेणे आणि घरातून बाहेर पडणाऱ्या वस्तू पुन्हा वापरात आणणे, या पद्धतीच्या जगण्याला हरित राहणी म्हणतात. ऊर्जा आणि कचरा हे दोन स्वतंत्र विषय मानले जातात. खरे तर ते एकाच खात्यातले जमाखर्च आहेत. खनिजापासून एक किलो ॲल्युमिनियम मिळवायला विद्युत् विघटनात (वीज सोडून धातू वेगळा करण्यात) सुमारे १३ ते १५ युनिट वीज खर्ची पडते. वापरलेले डबे वितळवून तोच धातू मिळवायला नव्या धातूच्या मानाने जेमतेम ५ टक्के ऊर्जा पुरते. छपरावरची एक किलोवॉटची सौर पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला साधारण ४ युनिट वीज देतात. म्हणजे शीतपेयांचे सत्तरएक रिकामे डबे, म्हणजे सुमारे एक किलो ॲल्युमिनियम, कचऱ्यात गेले, की त्या पॅनेलची तीन दिवसांची कमाई गेली.

प्रकाशामुळे विद्युत् प्रवाह निर्माण होतो, हे फ्रेंच भौतिकीविज्ञ एदमाँ बेकरेल यांना १८३९ मध्ये आढळले. व्यवहारात उपयोगी पडेल असा सिलिकॉनचा सौरघट मात्र अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९५४ मध्ये तयार झाला. त्याची कार्यक्षमता सुमारे ६ टक्के होती, म्हणजे पडलेल्या उन्हातील तेवढ्याच ऊर्जेची वीज होई. आजची घरगुती पॅनेल २० टक्क्यांच्या पुढे गेली आहेत. पॅनेल बनवताना खर्च झालेली ऊर्जा ते स्वतः एक ते तीन वर्षांत परत मिळवते आणि पंचवीसेक वर्षे चालते. पाणी तापवण्यासाठी मात्र सौरबंबच योग्य, कारण उन्हाची ऊर्जा आधी विजेत आणि मग उष्णतेत बदलण्यात बराच भाग वाया जातो. छपरावरच्या छोट्या पवनचक्क्या बहुधा निराशा करतात. वाऱ्याचा वेग निम्मा झाला की मिळणारी शक्ती एक अष्टमांशावर येते, आणि इमारतींच्या गर्दीत वारा मंद व भोवऱ्यांचा असतो. पॅनेल बसवण्याआधी विजेची गरज कमी करणे केव्हाही शहाणपणाचे. जुन्या तारेच्या दिव्याऐवजी एलईडी लावला तर तेवढ्याच उजेडाला एक चतुर्थांशाहूनही कमी वीज पुरते.

पुनर्चक्रणाचे, म्हणजे टाकाऊ वस्तूंपासून नवा माल बनवण्याचे, यश कारखान्यापेक्षा स्वयंपाकघरात ठरते. ओला आणि सुका कचरा एकदा मिसळला, की तेलकट, ओलसर झालेला कागद बहुधा लगद्याच्या कामाचा राहत नाही. काच आणि धातू कितीही वेळा वितळवता येतात. कागदाचे तंतू मात्र दर फेरीत आखूड होतात आणि पाच ते सात फेऱ्यांनंतर निकामी ठरतात. प्लास्टिकची स्थिती सर्वांत बिकट आहे. वस्तूच्या तळाशी त्रिकोणात छापलेला १ ते ७ हा आकडा केवळ प्लास्टिकचा प्रकार सांगतो. ती वस्तू पुनर्चक्रित होईलच, असा त्याचा अर्थ नाही. हा गैरसमज फार खोलवर रुजला आहे. २०१५ पर्यंत जगात निर्माण झालेल्या प्लास्टिक कचऱ्यापैकी सुमारे ९ टक्क्यांचेच पुनर्चक्रण झाले होते. प्लास्टिकच्या बाबतीत वस्तू घरात न आणणे किंवा तीच वर्षानुवर्षे वापरणे, हाच भरवशाचा मार्ग आहे.

ओल्या कचऱ्याची गोष्ट याउलट, कारण त्याचे चक्र घरीच पुरे होते. कचराभूमीवरील ढिगाखाली हवेविना कुजताना त्यातून मिथेन निघतो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या २५ पटींहून अधिक उष्णता अडवतो. कंपोस्टच्या डब्यात हवा खेळती असते, म्हणून तेथे मुख्यतः कार्बन डायऑक्साइड आणि खत तयार होते. त्यासाठी डब्यातल्या मालात कार्बन (तो वाळलेल्या पाल्यात, पुठ्ठ्यात जास्त) आणि नायट्रोजन (तो ओल्या कचऱ्यात जास्त) यांचे वजनी प्रमाण २५ ते ३० ला १ असावे लागते. डब्याला वास येऊ लागला तर नायट्रोजन आणि ओल जास्त झाली, असे समजून वाळलेला पाला किंवा पुठ्ठ्याचे तुकडे घालून ढवळावे. घरचा लहान डबा मोठ्या ढिगासारखा ५५ ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत तापत नाही. त्यामुळे रोगजंतू मरतीलच असे नाही, म्हणून रोगट झाडांचे अवशेष त्यात घालू नयेत.

लिथियमच्या बॅटऱ्या सुक्या कचऱ्यातही टाकू नयेत. कचरागाडीत दाबल्या गेल्या, तर त्या पेट घेऊ शकतात. खुद्द सौर पॅनेलचेही आयुष्य कधीतरी संपते. त्याच्या वजनात काचेचा वाटा सर्वांत मोठा असतो; ॲल्युमिनियमची चौकट सहज सुटते, पण सिलिकॉन आणि चांदी चिकट थरांत घट्ट बसलेली असल्याने ती वेगळी काढणे अजून खर्चिक आहे.