पार्श्वभूमी: ‘तत्त्वमसि’ आणि देवदत्ताची लक्षणा

कोशातला अर्थ तत्त्वज्ञानात कितपत ताणायचा, हे भांडण आपल्याकडे सर्वांत जास्त रंगले ते छांदोग्य उपनिषदातल्या एका वाक्यावरून. सहाव्या अध्यायात ‘तत्त्वमसि’, म्हणजे ‘ते तू आहेस’, नऊ वेळा येते. ‘तत्’ म्हणजे सर्वज्ञ जगत्कारण आणि ‘त्वम्’ म्हणजे समोर बसून शिकणारा अल्पज्ञ श्वेतकेतू, असा सरळ अर्थ घेतला तर दोघे एक कसे?

जीव आणि ब्रह्म एकच मानणाऱ्या अद्वैत्यांनी यावर लक्षणेचा, म्हणजे सरळ अर्थ अडला की त्याच्याशी जोडलेला अर्थ घेण्याचा, तोडगा काढला. पंधराव्या शतकातल्या प्रवेशग्रंथात तो अगदी साचेबंद झालेला दिसतो. ‘गंगेवर गवळीवाडा’ म्हटले की गंगेचा अर्थ सोडून काठ घ्यायचा, ही जहल्लक्षणा. ती इथे लागू नाही, कारण अर्थ सगळाच सोडला तर ऐक्य कोणाचे सांगणार? म्हणून जहदजहल्लक्षणा, म्हणजे थोडे सोडा, थोडे ठेवा. ‘हा तोच देवदत्त’ म्हणताना ‘तेव्हाचा’ आणि ‘आत्ताचा’ एवढेच गळते, माणूस राहतो. तशीच सर्वज्ञता आणि अल्पज्ञता गाळायची, चैतन्य ठेवायचे.

गंमत अशी की सतराव्या शतकात अद्वैत्यांच्या घरातूनच हरकत आली: इथे लक्षणा मुळात हवीच कशाला? ‘घट अनित्य आहे’ म्हणताना घटत्व ही जाती, म्हणजे सगळ्या घटांत असलेला समान धर्म, नित्य मानूनही कोणी अडखळत नाही. अनित्यता त्या एका घटाला जोडली जाते, जातीला नाही. शब्दाने वाच्यार्थ, म्हणजे सरळ अर्थ, पुरा दिला, त्यातला जुळेल तेवढा भाग अन्वयात, म्हणजे वाक्यातल्या जोडणीत, आला, बस. मला हे उत्तर देवदत्तापेक्षा सरस वाटते. भाव मात्र देवदत्तच खाऊन गेला.

जीव आणि जग हे ब्रह्माचे शरीर मानणाऱ्या विशिष्टाद्वैत्यांना दोन्ही पदांची अशी छाटणी मान्य नव्हती. जीव हे ज्याचे शरीर, त्या अंतर्यामीपर्यंत, म्हणजे आत राहणाऱ्या ईश्वरापर्यंत, ‘त्वम्’चा सरळ अर्थच पोचतो, असे ते म्हणतात. जीव आणि ब्रह्म वेगळे मानणाऱ्या द्वैत्यांनी तर ‘आत्मा तत्त्वमसि’ हे शब्द जोडून वाचून संधीच वेगळा फोडला: ‘आत्मा अतत् त्वमसि’, ते तू नाहीस. व्याकरणाला हे चालते. उपनिषदातल्याच दृष्टांतांशी जुळते का, यावर वाद आहे.

1986 मध्ये एका अमेरिकी संस्कृतज्ञाने ‘तत्’च्या नपुंसकलिंगावर बोट ठेवले. ऐक्यच सांगायचे असते तर पुल्लिंगी ‘स’ घेऊन ‘स त्वमसि’ अपेक्षित होते, म्हणून इथे ‘तत्’ म्हणजे ‘तसा’. हे मान्य केले तर ज्या विरोधासाठी लक्षणा आणली, तो विरोधच उरत नाही.