ग्रँड स्ट्रॅटेजी गेम

ग्रँड स्ट्रॅटेजी गेम : संगणकावरील डावपेचांच्या खेळांचा एक प्रकार. यात खेळाडू एखाद्या पलटणीचा किंवा लढाईचा नव्हे, तर संपूर्ण राज्याचा कारभार अनेक दशके, कधी शतके पाहतो. खजिना, वारसाहक्क, तह, व्यापार, धर्म आणि युद्ध ही सर्व अंगे एकाच वेळी चालू असतात. विजयाची ठरलेली अट बहुधा नसते. उद्दिष्ट खेळाडूने स्वतः ठरवायचे असते. या नोंदीतील तांत्रिक तपशील मुख्यतः ‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’ (2013) या खेळाचा आहे.

उगमाबाबत एकमत नाही. काही जण ही परंपरा चतुरंगापर्यंत, तर काही प्रशियाच्या सैन्यात 1824 पासून रूढ झालेल्या ‘क्रीगश्पील’ या युद्धखेळापर्यंत मागे नेतात. मात्र या दोहोंत रणभूमी आहे, खजिना नाही. त्यामुळे हा संबंध दूरचाच मानावा लागतो. ‘डिप्लोमसी’ (1959) या पटावरच्या खेळात युती आणि विश्वासघात केंद्रस्थानी आले. जपानमध्ये कोएई कंपनीच्या ‘नोबुनागाज ॲम्बिशन’ने (1983) प्रांतांचा कारभार संगणकावर आणला, आणि आद्यत्वाचा मान त्याला देणारा पक्ष दुर्बळ नाही. तथापि आजच्या रूपाशी थेट नाते जुळते ते फिलिप तिबो या फ्रेंच रचनाकाराच्या 1993 मधील ‘युरोपा युनिव्हर्सालिस’ या पटखेळाचे. त्यावरूनच स्वीडनमधील पॅराडॉक्स कंपनीने 2000 मध्ये त्याच नावाचा संगणकीय खेळ काढला. 1993 मध्येच रूढ झालेली ‘फोर एक्स’ (शोध, विस्तार, वापर आणि संहार यांवर आधारलेले खेळ) ही संज्ञा याहून वेगळी आहे. त्या खेळांत सर्वांचा प्रारंभ साधारण समान असतो. इथे इतिहासातली विषमता पहिल्याच दिवशी पटावर मांडलेली असते.

‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’चा डाव 11 नोव्हेंबर 1444 रोजी, म्हणजे ऑटोमन तुर्कांनी ख्रिस्ती फौजांना हरवले त्या वार्नाच्या लढाईच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतो. दख्खनेत त्या वेळी बिदरचे बहमनी राज्य आणि विजयनगरचा दुसरा देवराय यांचे वैर ताजे होते. बहमनींनी राजधानी गुलबर्ग्याहून बिदरला नेली ती साधारणपणे 1424 च्या सुमारास असे मानतात. थोडे नंतरचे वर्ष देणारेही अभ्यासक आहेत. मराठी वाचकाला ओळखीचे किल्ले आणि गावे नकाशावर दिसतात, म्हणून पहिलाच डाव दख्खनेत मांडण्याचा मोह होतो. तो आवरावा. इथे सर्व बाजूंनी बलाढ्य शेजारी असतात. शिकण्यासाठी पोर्तुगाल बरा, कारण त्याला युरोपात जमिनीवर शेजारी एकच, कॅस्टिल (पुढच्या स्पेनचे मुख्य राज्य). त्याच्याशी सलोखा ठेवला की समुद्राकडे पाहायला उसंत मिळते.

खेळ अवघड वाटतो तो बटणांच्या संख्येमुळे नव्हे. खरी अडचण अशी की असंख्य कामे तीनच तुटपुंज्या शिदोऱ्यांतून भागवायची असतात : प्रशासन, मुत्सद्देगिरी आणि लष्कर यांचे पॉइंट. प्रत्येक प्रकारात दरमहा मुळात 3 मिळतात. त्यात राजाच्या कुवतीचे 0 ते 6 आणि सल्लागाराचे 1 ते 5 मिळतात. राजाची प्रशासनातली कुवत 3 आणि सल्लागार पहिल्या दर्जाचा असेल तर महिन्याला 7 जमतात. तंत्रज्ञानाची एक पायरी सुमारे 600 पॉइंटांची, म्हणजे सात वर्षांची कमाई. उलट, जिंकलेला प्रांत ‘कोअर’ करून पक्का आपला करायला विकासाच्या (प्रांताची समृद्धी दाखवणाऱ्या आकड्याच्या) प्रत्येक अंकामागे मुळात 10 प्रशासन पॉइंट जातात. विकास 12 असलेले पाच प्रांत घेतले की तेवढेच 600 संपले. हा हिशेब एकदा कागदावर मांडला की नवख्याचे राज्य जिंकत असूनही मागे का पडते, हे उमगते. आधी प्रांतावर हक्क, म्हणजे ‘क्लेम’, तयार केला असेल तर खर्चात सूट मिळते.

दुसरी नेहमीची चूक आक्रमक विस्ताराची. प्रत्येक तहात प्रांत घेतला की आसपासच्या राज्यांच्या मनात रोष साठतो. तो 50 पर्यंत गेला की ती एकत्र येऊन आघाडी उभारू शकतात. हा रोष वर्षाला मुळात 2 या गतीनेच ओसरतो. म्हणून तहाच्या खिडकीत मागणी पाठवण्यापूर्वी प्रत्येक शेजाऱ्याचा आकडा पाहावा, आणि पुढचे युद्ध वेगळ्या दिशेला करावे. पक्के न झालेले प्रांत साठून अतिविस्तार 100 टक्क्यांपुढे गेला, तर बंडे आणि अनिष्ट घटना सुरू होतात.

लढाईत आकडा मोठा असूनही सैन्य पळते, तेव्हा दोष बहुधा भूप्रदेशाचा किंवा मनोधैर्याचा असतो. फासा 0 ते 9 असा पडतो; चाल करून जाणाऱ्याचे डोंगराळ प्रांतात 2, टेकड्यांत 1 आणि नदी ओलांडताना आणखी 1 वजा होतात. शत्रूला आपल्या डोंगरात येऊ देणे हाच शहाणपणा. लष्करी तंत्रज्ञानाच्या चौथ्या पायरीवर मनोधैर्य लक्षणीय वाढते. ती शत्रूने आधी गाठली असेल तर युद्ध लांबणीवर टाकावे.

शिकताना घड्याळ थांबवणे हे मुख्य कौशल्य आहे. काळ सलग वाहतो, पण स्पेसबार दाबला की थांबतो. पहिल्या दिवशी थांबूनच तीन सल्लागार नेमावेत, एखादा समर्थ मित्र शोधावा आणि खजिन्याची मासिक शिल्लक पाहावी. शांततेत सैन्याच्या देखभालीची पट्टी खाली ओढावी आणि युद्ध पुकारण्याच्या दोन-तीन महिने आधी पुन्हा वर न्यावी. ही पट्टी वर न्यायची राहिली की ताजी फौजही पहिल्याच चकमकीत मोडते. कोणत्याही आकड्यावर माउस नेऊन थांबले की त्याची बेरीज-वजाबाकी उघडते. ही टूलटिप वाचण्याची सवय लागली की डावाची गोडी लागते, कारण प्रत्येक अपयशाचे कारण तिथे अंकांत लिहिलेले असते. पहिला डाव चाळीस-पन्नास वर्षे खेळून सोडून द्यावा आणि त्याच राज्यापासून पुन्हा सुरुवात करावी. डावाची एकच साठवलेली प्रत (सेव्ह) ठेवणारा, म्हणून मागे फिरू न देणारा ‘आयर्नमॅन’ प्रकार यानंतरचा.

पॅराडॉक्सच्याच ‘क्रुसेडर किंग्ज’मध्ये राज्याऐवजी घराणे चालवायचे असते आणि वारस नसणे हेच पराभवाचे कारण ठरते, ‘हार्ट्स ऑफ आयर्न’मध्ये दुसऱ्या महायुद्धाचे कारखाने आणि पुरवठा. नोव्हेंबर 2025 मध्ये आलेल्या ‘युरोपा युनिव्हर्सालिस ५’चा प्रारंभ 1337 मध्ये होतो. त्यात वरील तीन पॉइंटांची पद्धत नाही. कारभार लोकसंख्येवर चालतो.