नेकेड टाइम, द (स्टार ट्रेक)

‘द नेकेड टाइम’ हा ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकन विज्ञानकथा मालिकेच्या पहिल्या पर्वातील चौथा भाग. २९ सप्टेंबर १९६६ रोजी एनबीसी वाहिनीवरून तो प्रथम प्रसारित झाला. पटकथा जॉन डी. एफ. ब्लॅक यांची, दिग्दर्शन मार्क डॅनियल्स यांचे. परक्या ग्रहावरचा संसर्ग अंतराळयानात शिरतो, हे कथेचे सूत्र. या रोगात ताप चढत नाही, अंगावर चट्टे उठत नाहीत; माणसाने आयुष्यभर मनात दाबून ठेवलेले तेवढे बाहेर येते. अंतराळातील साथीच्या रोगांवर दूरचित्रवाणीत पुढे कितीतरी भाग झाले, पण रोगाच्या निमित्ताने पात्रांची मने इतकी उघडी करणारा दुसरा भाग दाखवणे अवघड आहे.

कथेच्या सुरुवातीला ‘एंटरप्राइज’ हे यान ‘साय २०००’ नावाच्या ग्रहाजवळ पोहोचते. हा ग्रह म्हातारा झालेला, गोठलेला आणि लवकरच फुटणार असलेला आहे. तेथील संशोधकांना परत आणायचे आणि ग्रह फुटताना त्याचे निरीक्षण करायचे, अशी दुहेरी कामगिरी यानावर असते. प्रत्यक्षात तळावर कोणीच जिवंत नसते. एका स्त्रीचा गळा आवळलेला, एक माणूस अंगावरच्या कपड्यांसह न्हाणीत गोठलेला, आणि तळातील हवा व ऊब सांभाळणाऱ्या यंत्रांपाशी बसलेला अभियंता ती यंत्रे बंद करून तसाच थंडगार पडलेला. रोग नेमके काय करतो, ते या अभियंत्याच्या दृश्यात आधीच सांगून झालेले आहे. तळावरची माणसे आजाराने मेलेली नाहीत. सगळ्यांचा श्वास ज्याच्या हाती होता त्याला कशाचीच फिकीर उरली नाही, म्हणून मेली.

लागण कशी होते, हे दाखवताना दिग्दर्शकाने काहीही मोघम ठेवलेले नाही. यानावरचे अधिकारी मि. स्पॉक आणि जो टॉर्मोलेन हे दोघे संरक्षक पोशाख घालून तळावर उतरतात. टॉर्मोलेनच्या नाकाला खाज सुटते. तो हातमोजा काढतो, नाक खाजवतो आणि तोच उघडा हात तेथील वस्तूंपाशी टेकवतो. बर्फाळलेल्या पृष्ठभागावरचे लाल थेंब उडी मारल्यासारखे त्याच्या हातावर येतात. यानात परतल्यावर निर्जंतुकीकरण होते, यानाचे वैद्य डॉ. मॅकॉय तपासणी करतात, उपकरणे सगळे ठीक असल्याचे सांगतात. टॉर्मोलेन मात्र तळहात चोळत राहतो.

येथून पुढे लागणीची साखळी कडीकडीने मोजता येते. भोजनकक्षात टॉर्मोलेन उदास होतो, अंतराळात येण्याचा माणसाला हक्कच काय, असे विचारू लागतो आणि लोणी लावायची सुरी स्वतःवरच उगारतो. ती हिसकावताना झालेल्या झटापटीत यान हाकणारे सुलू आणि रायली यांना लागण होते. टॉर्मोलेन शस्त्रक्रियेच्या टेबलावर दगावतो. जखमा जिवावर बेतण्याजोग्या नव्हत्या, त्याची जगण्याची इच्छाच संपली होती. रायलीकडून परिचारिका क्रिस्टीन चॅपेल, तिच्याकडून स्पॉक, स्पॉककडून कॅप्टन कर्क असा संसर्ग सरकत जातो. प्रत्येक वेळी कॅमेरा हातांवर थांबतो आणि तोच एक किरकिरा आवाज ऐकू येतो. प्रसाराचे माध्यम असते घाम. साथरोगाच्या अभ्यासकाला फळ्यावर काढून दाखवता यावी इतकी ही साखळी स्वच्छ आहे, आणि करोनाच्या काळात हात, मोजे व स्पर्श यांबाबत जे सर्वांच्या अंगवळणी पडले, त्यानंतर हातमोजा काढण्याचे ते दृश्य पाहताना जीव अधिकच वर-खाली होतो.

लागण झालेला प्रत्येक जण वेगळा वागतो, हे या रोगाचे खरे लक्षण. सुलू उघड्या अंगाने तलवार परजत मार्गिकांमधून फिरतो. मूळ पटकथेत त्याच्या हाती सामुराईची तलवार होती. जपानी वंशाच्या पात्राला सामुराईच का करायचे, असा विचार करून अभिनेते जॉर्ज टाकेई यांनी युरोपीय तलवारबाजीतली तलवार सुचवली, आणि लहानपणापासून रॉबिन हूडच्या गोष्टींवर वाढलेल्या या नटाने ती मनापासून फिरवली. त्या बदलामुळे सुलू हा एका देशाचा नमुना न राहता स्वतःच्या आवडीनिवडी असलेला माणूस झाला. याच प्रसंगात स्पॉक त्याच्या मानेपाशी बोटे दाबून त्याला बेशुद्ध करतो. ही पुढे जगप्रसिद्ध झालेली ‘व्हल्कन’ पकड (व्हल्कन हा स्पॉकचा परग्रहवासी वंश) प्रेक्षकांनी प्रथम पाहिली ती याच भागात. रायली यंत्रकक्षात स्वतःला कोंडून घेतो, आपणच कप्तान असल्याची घोषणा करतो, सर्वांना आइस्क्रीम जाहीर करतो आणि एक जुने विरहगीत पुन्हा पुन्हा गात बसतो. ते गाणे गमतीचे वाटू लागते तोच कळते की त्याने इंजिने बंद केली आहेत, आणि यान फुटत चाललेल्या ग्रहाकडे ओढले जात आहे. तळावरचा अभियंता आणि रायली यांचे अपराध एकाच जातीचे आहेत.

या भागाचा कळस मात्र स्पॉकच्या वाट्याला आलेला आहे. वडील व्हल्कन आणि आई मानव असलेला हा अधिकारी भावनांना थारा न देण्याची शिस्त पाळतो. परिचारिका चॅपेल त्याचा हात हातात घेऊन आपले त्याच्यावर प्रेम असल्याचे सांगते. त्या क्षणी त्याला लागण होते. (मॅजेल बॅरेट यांनी साकारलेल्या चॅपेलचे हे मालिकेतील पहिले दर्शन. मालिकेच्या पहिल्या, नाकारल्या गेलेल्या प्रायोगिक भागात त्यांनीच यानाच्या उपप्रमुखाची भूमिका केली होती.) स्पॉक तिची माफी मागतो, कसाबसा एका रिकाम्या बैठक-खोलीत शिरतो आणि दार लागताच रडू लागतो. आकडे म्हणून मन ताळ्यावर आणू पाहतो, पण पाढा अर्ध्यावर तुटतो. आईवर आपले प्रेम आहे हे तिला कधीच सांगता आले नाही, ही त्याची खंत असते.

पटकथेत हा प्रसंग असा नव्हता. लागण झालेला एक जण स्पॉकच्या चेहऱ्यावर मिशा रंगवतो आणि स्पॉक मार्गिकेत सर्वांदेखत रडतो, असे लिहिलेले होते. लिओनार्ड निमॉय यांना ते पटले नाही. असा माणूस रडायला आडोसा शोधेल, हा त्यांचा आग्रह होता. चित्रणाला वेळ थोडा उरलेला असताना हा प्रसंग एका सलग दृश्यात टिपला गेला; कॅमेरा टेबलाभोवती फिरत जवळ येतो, आणि निमॉय यांचा आवाज शब्दाशब्दाला फुटत जातो. मूळ कल्पनेत हशा मिळाला असता. बदललेल्या प्रसंगाने स्पॉकला जे आतले जग दिले, त्यावर पुढची कित्येक वर्षे ही मालिका उभी राहिली.

कर्क त्याला भानावर आणण्यासाठी थोबाडीत मारतो, आणि त्या स्पर्शातून स्वतःच रोगी होतो. त्याच्या तोंडून बाहेर पडते ती यानाविषयीची ओढ आणि तक्रार : या यानापायी त्याला किनाऱ्यावर निवांत चालता येत नाही, कोणावर प्रेम करता येत नाही. तोवर डॉ. मॅकॉय यांना उतारा सापडलेला असतो. पण थंड पडलेली इंजिने तापायला अर्धा तास हवा आणि हाती मिनिटेच उरलेली. शेवटी द्रव्य व प्रतिद्रव्य यांचा न तपासलेला थंड संयोग घडवला जातो. यान सुटते, मात्र काळात ७१ तास मागे जाते. ‘स्टार ट्रेक’मधील हा पहिला कालप्रवास. हा शेवट मुळात ‘टुमॉरो इज यस्टर्डे’ या भागाला जोडण्याची योजना होती. ती बारगळली आणि तो भाग २६ जानेवारी १९६७ रोजी स्वतंत्र कथा म्हणून आला. त्यामुळे काळ उलटा फिरणे येथे ठिगळासारखे दिसते, ही या भागाची उणी बाजू.

रोगकारक जिवाणू किंवा विषाणू नाही, हे वेगळेपण लक्षात घेण्याजोगे आहे. त्या ग्रहावर पाण्याच्याच रेणूंच्या गुंतागुंतीच्या साखळ्या बनल्या असून ते पाणी रक्तात शिरल्यावर मद्यासारखे काम करते, असा मॅकॉय यांचा निष्कर्ष असतो. रेणूंच्या साखळ्या झालेले पाणी हा विषय त्याच वर्षांत खऱ्या प्रयोगशाळांतही होता. सोव्हिएत संघात निकोलाय फेद्याकिन यांना बारीक काचनळ्यांत साधारण पाण्याहून दाट द्रव आढळला होता. मॉस्कोचे बोरिस देर्यागिन यांनी त्यावर काम केले आणि १९६६ मध्ये ते ब्रिटनमधील शास्त्रज्ञांपुढे मांडले. पुढे त्याला ‘पॉलीवॉटर’ हे नाव मिळाले आणि काही वर्षे पाश्चात्त्य प्रयोगशाळांत त्याचा मोठा गाजावाजा झाला. अखेरीस ती पाण्यातील अशुद्धी ठरली. बेल प्रयोगशाळेतील डेनिस रूसो यांनी हँडबॉल खेळून घामाने भिजलेला सदरा पिळला आणि त्या घामाचा अवरक्त वर्णपट पॉलीवॉटरच्या वर्णपटाशी जुळत असल्याचे दाखवले. मालिकेतला रोग पसरतो तोही घामातूनच, हा योगायोग विलक्षण आहे.

परक्या ग्रहावरून संसर्ग येण्याची धास्ती तेव्हा केवळ कथेपुरती नव्हती. २७ जानेवारी १९६७ रोजी स्वाक्षऱ्यांसाठी खुल्या झालेल्या बाह्य अवकाश करारातील नवव्या कलमाने, पृथ्वीबाहेरील पदार्थांमुळे पृथ्वीच्या पर्यावरणात घातक बदल होऊ न देण्याची जबाबदारी राष्ट्रांवर टाकली. जुलै १९६९ मध्ये चंद्रावरून परतलेल्या अपोलो-११च्या तिघा अंतराळवीरांना १० ऑगस्टपर्यंत विलगीकरणात ठेवले गेले. तरीही त्यांच्या यानाचे दार समुद्रातच उघडले होते आणि आतली हवा बाहेर मिसळली होती. टॉर्मोलेनच्या हातमोज्याची ही खऱ्या जगातली जोड म्हणता येईल : पोशाख, तपासणी, बंद खोल्या असे सगळे जागच्या जागी, आणि फट मात्र कोणाच्या लक्षात न येणाऱ्या ठिकाणी. चंद्रावर जीवसृष्टी नसल्याची खात्री पटल्यावर, अपोलो-१४ नंतर हे विलगीकरण थांबवण्यात आले.

विज्ञानकथांसाठी दिल्या जाणाऱ्या ह्यूगो पुरस्कारांच्या १९६७ च्या फेरीत उत्कृष्ट नाट्याविष्कार या विभागात या भागाला नामांकन मिळाले. पुरस्कार याच मालिकेच्या ‘द मेनॅजरी’ या कथेला गेला. भारतात ही मूळ मालिका १९८० च्या दशकात दूरदर्शनवरून अनेकांच्या ओळखीची झाली.

‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ या पुढच्या मालिकेत हाच रोग ‘द नेकेड नाऊ’ या नावाने ऑक्टोबर १९८७ मध्ये परतला. तेथे नव्या ‘एंटरप्राइज’वरील मंडळी जुन्या नोंदी चाळून रोग ओळखतात, परंतु जुना उतारा लगेच लागू पडत नाही. यंत्रमानव डेटालाही लागण झालेली दाखवली, हे अनेकांना खटकले. मोठी चूक वेगळी होती. नवी मालिका जेमतेम सुरू झाली होती आणि पात्रे प्रेक्षकांना पुरती ठाऊक नव्हती. एरवी ती कशी वागतात हेच माहीत नसल्याने, त्यांचा तोल गेल्याचे प्रेक्षकाला काही वाटले नाही. मूळ भागही पहिल्याच महिन्यातला. पण स्पॉकची शिस्त तोवर इतकी ठसली होती की ती तुटताना पाहणे असह्य झाले.