प्रोटीनखालचा कार्बनचा पडदा: एवढा पातळ का करत गेले?

साध्या मायक्रोस्कोपला काचेची स्लाइड चालते, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपला नाही, कारण इलेक्ट्रॉन काचेतून पलीकडे जातच नाहीत. म्हणून साधारण ३ मिलिमीटरच्या तांब्याच्या जाळीवर, म्हणजे ग्रिडवर, अगदी पातळ पडदा ताणायचा आणि त्यावर व्हायरस किंवा प्रोटीन ठेवायचं.

१९३१ मध्ये रुस्का आणि नॉल यांनी बर्लिनमध्ये पहिला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप बनवला, पुढे बरीच वर्षं हा पडदा कोलोडियन नाहीतर फॉर्मवारचा, म्हणजे प्लास्टिकचाच असायचा. इलेक्ट्रॉनच्या बीमखाली (झोताखाली) तो चार्ज धरतो, सरकतो, कधी फाटतो, मग फोटो कसला स्पष्ट येणार!

१९५४ मध्ये ब्रिटनमध्ये डी. ई. ब्रॅडली यांनी बाष्पीभवनाने बनवलेल्या कार्बन फिल्मवर पेपर लिहिला आणि चित्रच बदललं. व्हॅक्यूममध्ये कार्बनच्या दोन कांड्या टोकाला टोक लावायच्या, जोरात करंट सोडायचा, टोकं तापतात, कार्बन उडतो आणि समोर जाऊन बसतो. हा थर नुकत्याच सोललेल्या अभ्रकावर घेतला आणि तो तुकडा तिरका पाण्यात सोडला की फिल्म आपोआप सुटून वर तरंगते, ती ग्रिडवर झेलायची. आजही लॅबमध्ये हेच करतात, आणि मला ही युक्ती फार आवडते. कार्बन हलका असल्याने इलेक्ट्रॉन कमी विखुरतो, वीजही वाहून नेतो म्हणून चार्ज साठत नाही.

१९८० च्या दशकात हायडेलबर्गला दुबोशे या शास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी सॅम्पल असलेलं पाणी इतकं झटकन गोठवलं की बर्फाचे स्फटिक बनलेच नाहीत, मग भोकं असलेली फिल्म घेऊन त्या भोकांतल्या बर्फातच सॅम्पल बघायचं, पडद्याची कटकटच नको. पण काही प्रोटीन भोकात शिरतच नाहीत, कार्बनलाच चिकटून बसतात, आणि जे शिरतात त्यातले बरेच हवा-पाण्याच्या सीमेवर आपटून उलगडतात, म्हणजे त्यांचा आकारच मोडतो. म्हणून भोकांवर पुन्हा फिल्म आली, पण आता २-३ नॅनोमीटरची. रायबोसोमसारखा (पेशीत प्रोटीन बनवणारा) मोठा कण यावर छान दिसतो, लहान प्रोटीन मात्र एवढ्याशा कार्बनच्या दाणेदारपणातही हरवतं.

त्यामुळे आता ग्राफीन, म्हणजे कार्बनचाच एका अणूच्या जाडीचा थर वापरतात. फक्त त्यावर पाणी धरत नाही, आधी प्रक्रिया करून घ्यावी लागते, आणि ती जरा जास्त झाली की फिल्मच खलास.