स्तनपानपूरक रुग्णालय धोरण

जन्मानंतर बाळ कोणाजवळ ठेवायचे, त्याला पहिल्यांदा काय पाजायचे आणि बाळंतिणीला मदत कोणी करायची, हे ठरवणारे प्रसूतिगृहाचे नियम. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी १९८९ मध्ये यशस्वी स्तनपानाच्या दहा पायऱ्या मांडल्या. त्यांवर आधारलेला बालस्नेही रुग्णालय उपक्रम १९९१ मध्ये सुरू झाला. २०१८ मध्ये या पायऱ्या सुधारण्यात आल्या.

जन्मताच बाळाला आईच्या उघड्या छातीवर ठेवणे, तासाभरात अंगावर घेणे, दोघांना रात्रंदिवस एकाच खोलीत राहू देणे आणि वैद्यकीय कारणाशिवाय वरचे दूध न देणे, हा या धोरणाचा गाभा. बाळ जितके चोखते तितके दूध तयार होते. त्यामुळे सुरुवातीलाच बाटली दिली, तर चोखणे कमी होऊन दूधही कमी पडू लागते. पहिल्या दिवसांतले घट्ट, पिवळसर चिकाचे दूध थोडेच असते, पण त्यातील प्रतिपिंडे बाळाच्या आतड्याचे जंतूंपासून रक्षण करतात.

अशा धोरणाचा सर्वांत भक्कम पुरावा बेलारूसमधून मिळाला. कोणत्या आईने पाजावे आणि कोणत्या आईने नाही, हे चिठ्ठ्या टाकून ठरवणे अनैतिक ठरले असते. म्हणून तेथे यादृच्छिक निवड झाली ती रुग्णालयांची. ३१ रुग्णालये आणि १७,००० हून अधिक बाळे यांच्या या चाचणीचे निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. तिसऱ्या महिन्यात निव्वळ स्तनपानाचे प्रमाण नेहमीच्या पद्धतीच्या रुग्णालयांत ६.४ टक्के, तर नव्या धोरणाच्या रुग्णालयांत ४३.३ टक्के होते. पहिल्या वर्षात पोटाचा संसर्ग झालेली बाळे १३.२ टक्क्यांऐवजी ९.१ टक्के आढळली. त्वचेचा इसबही घटला. श्वसनमार्गाच्या संसर्गात मात्र लक्षणीय फरक दिसला नाही, आणि पुढे या मुलांमधला लठ्ठपणाही कमी झाला नाही. फायदा सांगताना ही मर्यादाही सांगायला हवी.

नियम यांत्रिकपणे पाळले तर धोका संभवतो. छातीवरच्या बाळाचा श्वास व रंग यांवर परिचारिकेची नजर हवी. बाळाचे वजन फार घटले किंवा रक्तातील साखर उतरली, तर आईचे काढलेले दूध आणि तेही अपुरे पडल्यास वरचे दूध देणे हा उपचारच असतो. तो घ्यावा लागलेल्या आईला दोषी वाटू न देणे हेही कर्मचाऱ्यांचे काम आहे. घरी गेल्यानंतरचा आधारही तितकाच महत्त्वाचा. बेलारूसमध्ये प्रसूतिगृहांबरोबरच बाळांच्या पुढील तपासणीच्या दवाखान्यांतील कर्मचाऱ्यांनाही प्रशिक्षण दिले होते.