हे नाणं आहे की प्रवासाची आठवण?

टेबलावर एक काळपट चंदेरी चकती आहे. २८ मिलिमीटर रुंद. एका बाजूला मुकुट आणि त्याभोवती लॅटिन अक्षरांची दोन वर्तुळं, दुसऱ्या बाजूला मुकुटधारी, दोन शेपट्यांचा सिंह. जुन्या डब्यात अशी वस्तू सापडली की 'किती जुनी असेल?' हा प्रश्न सगळ्यात आधी येतो. मी मात्र ती आधी आडवी धरून तिची जाडी बघते.

ही चकती ज्याची नक्कल आहे ते नाणं म्हणजे प्रागचा ग्रोश. बोहेमियाचा (आजच्या चेक देशाचा पश्चिम भाग) राजा दुसरा वेन्सेस्लास याने १३०० साली तो सुरू केला. तिथल्या कुटना होरा गावाच्या खाणींतून तेव्हा भरपूर चांदी निघत होती, आणि नाणी पाडण्यासाठी इटलीहून जाणकार आणले होते. ती टांकसाळ असलेली वास्तू आजही 'इटालियन दरबार' म्हणूनच ओळखली जाते. हा ग्रोश १५४७ पर्यंत निघत राहिला. सुरुवातीच्या नाण्यांचं वजन पावणेचार ग्रॅमच्या आसपास, आणि त्यात शेकडा ९३ च्या आसपास चांदी, बाकी मुख्यतः तांबं.

एवढ्या माहितीवर जाडीचा हिशेब मांडता येतो. अशा मिश्रधातूची घनता, म्हणजे एका घन सेंटिमीटरचं वजन, साधारण १०.३५ ग्रॅम भरते. म्हणजे ३.७ ग्रॅम धातूचं आकारमान जेमतेम ०.३६ घन सेंटिमीटर. २८ मिलिमीटरच्या वर्तुळावर ते पसरलं तर सरासरी जाडी ०.६ मिलिमीटरपेक्षाही कमी येते. खरा ग्रोश इतका पातळ असतो! आठवण म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रतिकृती बहुधा जाड असतात, कारण हातात काहीतरी भरीव आल्यासारखं वाटावं लागतं. शिवाय पातळ चकती ओतणंही अवघड. धातू कडेपर्यंत पोचण्याआधीच थिजतो.

आता वजन. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा पुरतो. माझी चकती कोरडी ६.२० ग्रॅम भरली. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणला आणि चकती दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल अशी धरली, तळाला किंवा काचेला टेकू न देता. काटा ०.८५ वर थांबला. चकतीने बाजूला सारलेल्या पाण्याचं हे वजन. एक घन सेंटिमीटर पाणी एक ग्रॅमचं, म्हणून चकतीचं आकारमानही ०.८५ घन सेंटिमीटर. ६.२० ला ०.८५ ने भागलं की ७.२९. चांदीची घनता १०.४९, तांब्याची ८.९६, कथलाची ७.३. चकती चांदीची असती तर काट्याने ०.६० च्या आसपास दाखवलं असतं. इथे कथील स्वतःच बोलतंय.

हे करताना पृष्ठभागाला हवेचा बुडबुडा चिकटला तर उत्तर बिघडतं, म्हणून पाण्यात साबणाचा एक थेंब टाकावा. आणि खरं पातळ नाणं असेल तर ०.०१ ग्रॅमच्या चुकीनेही घनता १०.१ ते १०.७ अशी हलते. म्हणजे चांदी आहे की कथील हे ही पद्धत ठामपणे सांगते, पण चांदी शेकडा ९३ की ८५, ते सांगू शकत नाही.

लोहचुंबकाचा उपयोग थोडाच. चिकटली तर आत लोखंड किंवा निकेल आहे हे कळतं, पण न चिकटल्याने काहीच सिद्ध होत नाही.

भिंग मात्र जरूर घ्यावं. मध्ययुगातलं नाणं दोन ठशांमध्ये धातूची चकती ठेवून, वरून हातोडा मारून पाडलेलं असायचं. घाव बसला की धातू मधून बाहेर सरकतो, अक्षरांच्या पायाशी त्याचे बारीक ओघ दिसतात. कडा सारख्या नसतात, चित्र मध्यापासून घसरलेलं असतं, एखादं अक्षर दोनदा उमटलेलं असतं. ओतीव प्रतिकृतीत अक्षरांचे कोपरे साबणासारखे गुळगुळीत होतात, सपाट भागावर बुडबुड्यांचे खड्डे राहतात. माझ्या चकतीच्या कडेवरून नख फिरवलं तर एका जागी सांधा लागतो. साच्याचे दोन अर्धे तिथे जुळले होते. काळेपणाही खोलगट भागातच एकसारखा भरलेला आहे; तो मुद्दाम चढवून उंच भाग पुसून घेतले आहेत.

अक्षरं वाचायचा कंटाळा करू नये. ग्रोशवर साल नसतं. त्या काळच्या बहुतेक युरोपीय नाण्यांवर नसायचं. चौदाव्या शतकातला, पवित्र रोमन सम्राट म्हणून 'चौथा' असलेला कारेल बोहेमियाचा राजा म्हणून पहिलाच, त्यामुळे त्याच्या ग्रोशवर 'कारोलुस प्रिमुस', म्हणजे 'कारेल पहिला', असं येतं. तिथे 'क्वार्तुस' (चौथा) दिसलं, तर साचा करणाऱ्याने इतिहासाच्या पुस्तकातलं नाव उचललंय. अमेरिकेत १९७३ च्या कायद्याने नाण्यांच्या प्रतिकृतीवर 'कॉपी' हा शब्द उमटवणं बंधनकारक केलं, तेव्हा तोही शोधावा.

खरी पंचाईत हातोड्याने पाडलेल्या आठवणीच्या नाण्यांची. कुटना होराच्या त्याच टांकसाळीत आज पर्यटकांना नाणी पाडून दाखवतात. अशा नाण्यावर धातूचे ओघ अस्सल असतात, कारण घाव अस्सल असतो. मग रुंदी, जाडी, वजन आणि घनता यांचा मेळ बसतो का ते बघायचं. उद्या कुणी चांदीचंच, योग्य वजनाचं नाणं पाडलं, तर प्रयोगशाळा गाठावी लागेल. जुन्या काळी चांदी शिशाबरोबर वितळवून शुद्ध करत. त्या रीतीने शिसं निघून जातं, पण सोनं चांदीतच राहतं. विजेच्या साहाय्याने शुद्ध केलेल्या आजच्या चांदीत सोन्याचा तो अंश उरत नाही. क्ष-किरणांनी हा फरक टिपता येतो, मात्र ते किरण वरचा पातळ थरच वाचतात.

तोवर वस्तू घासूनपुसून चकचकीत करू नये, ही कळकळीची विनंती. खरं नाणं असेल तर त्याचा सगळा पुरावा पृष्ठभागावरच असतो.

माझ्या चकतीसाठी मी एक चिठ्ठी लिहून डब्यात ठेवली आहे: 'प्रागच्या ग्रोशची प्रतिकृती. कथलाचा मिश्रधातू, ओतीव. २८ मिलिमीटर, ६.२० ग्रॅम.' पुढे कधी डबा उघडणाऱ्याला पुन्हा पाण्याचा पेला शोधावा लागू नये.