एका वॉर्डात चार शाखा : आरोग्य विद्यार्थ्यांच्या एकत्रित प्रशिक्षणाची पार्श्वभूमी

डॉक्टर, नर्स, फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रुग्णाला रोजची कामे पुन्हा स्वतः करायला शिकवणारे) यांनी विद्यार्थी असतानाच एकत्र काम करायला शिकावे, ही मागणी साठ वर्षे जुनी आहे. 1960च्या दशकात कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचे वैद्यकीय अधिष्ठाता जॉन मॅक्क्रीरी यांनी ती जोरात मांडली. 1972 मध्ये अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने, तर 1988 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने याच विषयावर अहवाल काढले. कागदावर विरोध कुणाचाच नव्हता. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी झाले ते एवढेच, की नीतिशास्त्राच्या किंवा संवादकौशल्याच्या तासाला सगळ्या शाखांची मुले एकाच सभागृहात बसवली गेली. मुले आपापल्या शाखेच्या रांगेत बसून आपापली उठून जात.

हा घोळ ओळखून ब्रिटनमधील 'केप' या आरोग्य व्यवसायांच्या एकत्रित शिक्षणासाठी काम करणाऱ्या संस्थेने (स्थापना 1987) व्याख्या घट्ट केली. 2002 पासूनच्या तिच्या मांडणीनुसार दोन किंवा अधिक व्यवसायांतील माणसांनी एकमेकांसोबत, एकमेकांकडून आणि एकमेकांविषयी शिकले पाहिजे, आणि तेही रुग्णसेवा सुधारण्यासाठी. या कसोटीवर सभागृहातले एकत्रित तास बाद ठरतात.

खरी कलाटणी स्वीडनमधील लिंकोपिंग येथे मिळाली. तिथे 1986 मध्ये आरोग्यविज्ञान विद्याशाखा सुरू झाली तेव्हा सर्व अभ्यासक्रमांच्या विद्यार्थ्यांना सुरुवातीचे 10 आठवडे मिश्र छोट्या गटांत एकत्र शिकवायचे ठरले. दहा वर्षांनी, 1996 मध्ये, त्याच विद्यापीठाने अस्थिरोग विभागात विद्यार्थ्यांनी चालवायचा वॉर्ड उघडला. पुढे स्टॉकहोम, लंडन आणि इतरत्रही असे वॉर्ड निघाले. आराखडा सगळीकडे साधारण सारखाच : मोजक्या खाटा, चार शाखांच्या शेवटच्या टप्प्यातील विद्यार्थ्यांची एक टीम, सुमारे दोन आठवड्यांची पाळी. रुग्णाची जबाबदारी टीमची, पण प्रत्येक शाखेचा पर्यवेक्षक हाकेच्या अंतरावर. शिफ्ट संपताना सगळ्यांनी बसून दिवसाचा आढावा घ्यायचा.

अस्थिरोग विभाग निवडण्यामागे हिशेब होता. खुब्याचा सांधा बदललेला रुग्ण सहसा स्थिर असतो, आणि त्याच्याकडे चारही शाखांना रोज काम असते. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशीचे उदाहरण घ्या. फिजिओ दहाला चालवायला येतो आणि वेदनाशामक गोळीची वेळही दहाचीच लिहिलेली असते. तोंडावाटे दिलेली गोळी लागू पडायला पाऊण ते एक तास जातो. दुखते म्हणून आजी उभ्याच राहत नाहीत. फिजिओ 'रुग्ण सहकार्य करत नाही' अशी नोंद करून जातो, राउंडवरचा डॉक्टर ती वाचून 'आज विश्रांती' लिहितो आणि अंथरुणातला एक दिवस वाढतो. पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोकाही तेवढाच वाढतो. यात कुणाचेच ज्ञान कमी पडलेले नाही. सकाळी दहा मिनिटे एकत्र बसले असते, तर नर्सिंगच्या विद्यार्थिनीने वेळेचा प्रश्न काढला असता आणि वैद्यकीय विद्यार्थ्याने गोळी नऊवर आणली असती. हे व्याख्यानात सांगून मुलांच्या लक्षात राहत नाही. स्वतःच्या खाटेवर एकदा घडले की राहते.

तक्रारीही पहिल्यापासून आहेत. रुग्णाला आंघोळ घालणे, अंथरूण बदलणे ही कामे सगळ्यांनी मिळून करायची, यावर वैद्यकीय विद्यार्थी हमखास कुरकुरतात : यात आमचे शिक्षण कुठे? तक्रार अगदीच खोटी नाही. स्वतःच्या शाखेचे काम पुरेसे मिळाले नाही, तर दोन आठवडे वाया गेल्यासारखे वाटतात. दुसरी अडचण पर्यवेक्षकांची. ते सारखे मध्ये पडले की विद्यार्थी त्यांच्याच तोंडाकडे बघत बसतात, आणि मागे राहिले की रुग्णाला धोका. ही कसरत शिकवावी लागते, ती आपोआप जमत नाही.

या कल्पनेला राजकीय बळ मात्र दुर्घटनांनी दिले. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील बालहृदय शस्त्रक्रियांतल्या मृत्यूंच्या चौकशीचा 2001 चा अहवाल विस्कळीत टीमवर्कवर बोट ठेवतो आणि व्यवसायांच्या एकत्रित शिक्षणाची शिफारस करतो. याच सुमारास अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांतली निरोप देण्याची पद्धत रुग्णालयांत आली : परिस्थिती, पार्श्वभूमी, माझा अंदाज, माझी मागणी. शेवटची पायरीच ज्युनिअर मंडळी गाळतात. 'बीपी कमी आहे, सर' एवढे सांगून फोन ठेवतात, 'आत्ता येऊन बघा' म्हणत नाहीत.

पुरावा किती? 2013 च्या कोक्रेन आढाव्यात (जगभरचे अभ्यास काटेकोर निकषांवर एकत्र तपासणारा आढावा) निकषांत बसणारे अभ्यास अवघे 15 निघाले. त्यांतल्या 7 मध्ये फायदा दिसला, 4 मध्ये मिश्र निकाल आला आणि 4 मध्ये काहीच फरक पडला नाही. आशा ठेवावी एवढे आहे, छातीठोक दावा करावा एवढे नाही.

भारतात आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या भोर समितीने 1946 मध्येच सामाजिक भान असलेल्या डॉक्टरची कल्पना मांडली होती. पण प्रत्येक शाखेचे नियमन करणाऱ्या परिषदा वेगळ्या झाल्या : नर्सिंगचा कायदा 1947 चा, फार्मसी आणि दंतवैद्यकाचे 1948 चे, फिजिओथेरपीसह इतर शाखांचा तर थेट 2021 चा. 2019 पासूनच्या एमबीबीएस अभ्यासक्रमात 'आरोग्य टीमचा नेता आणि सदस्य' ही भूमिका लिहिलेली आहे. नेता व्हायचा सराव भरपूर होतो, सदस्य व्हायचा फारसा नाही.

महाराष्ट्राची स्थिती त्या मानाने सोयीची आहे. 1998 मध्ये नाशिकला स्थापन झालेले आरोग्य विज्ञान विद्यापीठ वैद्यक, नर्सिंग, फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी या चारही शाखांच्या पदव्या देते. अडते ते वेळापत्रकावर. एमबीबीएसचे क्लिनिकल पोस्टिंग सकाळी तीन तास, नर्सिंगची मुले शिफ्टप्रमाणे, फिजिओची ओपीडी वेगळ्याच इमारतीत. त्यामुळे सुरुवात इंटर्नशिपमध्ये करणे शहाणपणाचे, कारण तेव्हा तासिकांचा अडसर नसतो. चार इंटर्न, चार खाटा, एक आठवडा, आणि रोज सकाळी साडेआठला डॉक्टर शिक्षक व नर्सिंग शिक्षिका दोघांची हजेरी. एकच आले तर बैठक त्या शाखेचा राउंड होऊन बसते. डिस्चार्जआधी कुणी विचारायचे तेही आधी ठरवावे : घरी कमोड आहे की उकिडवे बसायचा संडास? मागच्या बाजूने छेद देऊन खुबा बदललेल्या रुग्णाला सुरुवातीचे काही आठवडे तो 90 अंशांपेक्षा जास्त न वाकवण्याची सूचना असते. हा प्रश्न ऑक्युपेशनल थेरपीचा म्हणून बाकीचे गप्प राहिले, तर रुग्ण घरी जाऊन पहिल्याच सकाळी उकिडवा बसतो आणि निखळलेला सांधा घेऊन कॅज्युअल्टीत परत येतो.